काकाजींच्या लाल गाडीचा टॉप स्पीड

माझ्या लिहिण्यात चुका होतील, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यानंतर हातात पेनापेक्षा लाटणंच जास्त राहिलं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि अक्षर तर मुंग्या शाईत बुडवून कागदावर सोडल्यासारखं आहे. ही वही कोणाला दाखवायची नाही. तरी कोणी उघडलीच तर हसून घ्या, फक्त हसलात ते मला सांगू नका.

मला काकाजींबद्दल लिहायचं आहे. हुडकेश्वरला त्यांच्या घरी मी सहा वर्षं पोळ्या केल्या. आता ते आणि काकू पुण्याला मुलाकडे राहायला गेले. त्यांची लाल गाडी मात्र ट्रकवर चढवून न्यावी लागली. काकाजी म्हणत होते, मी चालवत नेतो. काकूंनी साफ सांगितलं, "तुमच्या स्पीडनं निघालो तर आपण नातवाच्या लग्नाले पोहोचू." नातू तेव्हा दोन वर्षांचा होता.

काकू म्हणाल्या ते खरं होतं. स्पीडबद्दल एवढं बोलणारा माणूस मी पाहिला नाही आणि एवढी हळू गाडी चालवणाराही पाहिला नाही. शहरात ते तीसच्या वर जात नसत. मागून रिक्षावाले हॉर्न वाजवून वाजवून थकायचे. एकदा मी गाडीत होते तेव्हा एक सायकलवाला आमच्या पुढे निघून गेला आणि मागे वळून पाहू लागला की गाडीला काही झालं की काय. मी काही म्हटलं नव्हतं, पण काकाजींनी आरशात माझं तोंड पाहिलं असावं. म्हणाले, "बाई, स्पीड असावा. वापरू नाई."

ते सावनेरकडे कोळशाच्या खाणीवर काट्यावर होते. काटा म्हणजे ट्रक मोजायचा. ट्रक येऊन उभा राहायचा, इंजिन बंद व्हायचं, ड्रायव्हर खाली उतरायचा आणि काकाजी खिडकीतून आकडा पाहून लिहायचे. भरलेल्या ट्रकच्या वजनातून रिकाम्या ट्रकचं वजन वजा करायचं, उरला तो कोळसा. एकतीस वर्षं हेच केलं. मी विचारलं नव्हतं तरी त्यांनी एकदा सांगितलं, "एकतीस वर्ष उभ्या गाड्या पाह्यल्या वं. एक पळताना पाह्यली नाई. आता पाहून घेऊन राहिलो."

म्हणून रोज संध्याकाळी ते गच्चीवर खुर्ची टाकून बसत. गळ्यात पांढऱ्या नाडीचं, बटण दाबलं की सुरू होणारं आणि थांबणारं घड्याळ. समोरच्या रस्त्यावरच्या विजेच्या दोन खांबांना त्यांनी स्वतः चुना लावला होता. गाडी पहिल्या खांबाशी आली की बटण, दुसऱ्या खांबाशी आली की बटण, आणि मग तोंडी हिशोब. खाली मला पीठ मळताना ऐकू यायचं. "बत्तीस! छान." "एक्केचाळीस." आणि कधी कधी कठड्यावरून वाकून, "चौसष्ट! अबे, घरी माय वाट पाहून राहिली ना तुही?" पोरं वर बघायची आणि आणखी जोरात पळवायची. काकाजी तोही आकडा लिहून घ्यायचे.

माणसांनाही ते गाडीसारखंच मोजत. उभ्या जागेवरून गाडी किती झटक्यात पळते ते पिकअप, आणि शेवटी जास्तीत जास्त किती पळते तो टॉप स्पीड. दूधवाल्याला पिकअप आहे, टॉप स्पीड नाही, कारण पहिल्या आठवड्यात पाचला यायचा आणि महिन्याच्या शेवटी आठला. स्वतःच्या मुलाला पिकअप नव्हतं, दहावीला दोनदा बसला, पण टॉप स्पीड बघा, पुण्याला फ्लॅट.

"आणि बाईचं?" काकूंनी एकदा माझ्याकडे बोट करून विचारलं.

"हिले टॉप स्पीड असन, पण मालूम कसा पडन? पिकअपच नाई. सकाळी आठले येते, पहिला शब्द साडेनऊले बोलते."

मी खाली मान घालून पोळी उलटली. तेव्हा साडेनऊच वाजले असतील, कारण मी म्हटलं, "भाजीत मीठ पाहा."

"आणि स्वतःचं सांगा ना," काकू म्हणाल्या. "पेन्शन आली का असं पिकअप, असं पिकअप! पाच तारखेले पेट्रोल संपते."

म्हणूनच पेन्शनचं एटीएम कार्ड काकूंच्या डब्यात असे. एकदा काकाजींनी पेन्शनमधून गाडीला दोन हॉर्न बसवून आणले होते, एक शहरासाठी आणि एक हायवेसाठी. हायवेचा कधी वाजलाच नाही. त्या दिवसापासून कार्ड काकूंकडे, आणि काकाजींच्या हातात भाजीपुरते पैसे.

आता साळेबुवांबद्दल. ते काकूंचे धाकटे भाऊ, दोन गल्ल्या सोडून राहायचे, टाइल्सचं दुकान होतं. अंगानं भारी, स्वभावानं गोड, आणि घाबरट. त्यांनी अक्षय तृतीयेला बॅटरीवर चालणारी पांढरी नवी गाडी घेतली आणि पेढे घेऊन आले.

"भाऊजी, आवाजच नाई पाहा! चालू आहे का बंद, कळतच नाई."

काकाजींनी गाडीभोवती एक चक्कर मारली. "आवाज नाई म्हणजे गाडी नाई. फ्रिज आहे हा."

"बसून तर पाहा."

ते बसले. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आले तेव्हा काकाजींचा चेहरा उतरला होता. त्या दिवशी जेवताना चारऐवजी दोनच पोळ्या खाल्ल्या. काकू बाहेर गेल्यावर मला हळूच म्हणाले, "पिकअप आहे वं तिले." जणू घरात कोणाचा आजार निघाला होता.

पण ते हरणाऱ्यातले नव्हते. आठ दिवसांत त्यांनी शोधून काढलं की पिकअप म्हणजे नुसता दिखावा असतो, गाडीची खरी जात टॉप स्पीडमध्ये कळते. लाल गाडी तरुणपणी एकशे दहा गेली होती. कोणी पाहिलं होतं? त्यांनी पाहिलं होतं. साळेबुवा हसले. झालं, दोन्ही गाड्यांची सारखी परीक्षा घ्यायची ठरली, पिकअप वेगळं आणि टॉप स्पीड वेगळा. पण लाल गाडीचा क्लच गेला होता आणि मागचे टायर माझ्या टाचेसारखे झाले होते. काकू पैसे देणार नव्हत्या.

नेमकी त्याच महिन्यात माझी भिशी लागली. चौदा हजार.

त्या पैशांचं माझं ठरलेलं होतं. आमच्या वस्तीत एक शिवणाऱ्या बाई होत्या. दिवाळी झाली की त्या मुलीकडे रायपूरला कायमच्या जाणार होत्या. त्यांचं पिको-फॉलचं मशीन बारा हजारांत मला देते म्हणाल्या होत्या, पण दिवाळीच्या आत. नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. मला ते मशीन फार हवं होतं. लोकांच्या घरी काम करायचं म्हणजे बोलावं लागतं. आज उशीर का झाला, उद्या येशील का, पगार वाढवायचा तर तेही बोलावं लागतं. साडीचं तसं नाही. साडी पिशवीत येते, फॉल लावून पिशवीत जाते. कोणी काही विचारत नाही. चार भिंतींच्या आत मशीनचा आवाज आणि मी, एवढंच मला पाहिजे होतं.

काकाजी कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसत. त्या दिवशी काकू देवळात गेल्या होत्या आणि काकाजी दारात येऊन उभे राहिले.

"बाई, तुझी भिशी निघाली म्हणते."

"हाव."

"मशीन कवा घेतं?"

"दिवाळीच्या आधी."

"मंग टाइम आहे ना दिवाळीले!" त्यांना एवढा आनंद झाला की दारातून एक पाऊल आत आले. "मले दे. दिवाळीच्या आत सारे वापस. काकूले सांगू नको."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडातून "बरं" निघालं. माझं असंच होतं. मनात एक असतं आणि तोंडाला जे छोटं पडेल ते बाहेर येतं.

नवा क्लच बसला, नवे टायर आले. काकूंनी फाटकात उभं राहून विचारलं, "टायर इतके काळे कसे झाले हो?"

"धुतले," काकाजी म्हणाले.

पैसे परत करायची त्यांची पद्धत अशी होती. भाजीतून वाचले की नोट घडी करून पिठाच्या डब्यात टाकायची. काकू त्या डब्याला हात लावत नसत. सकाळी मी पीठ काढायला वाटी घातली की कधी पन्नास, कधी शंभर हाताला लागायचे. नोट झटकून घ्यावी लागे. त्या दिवशी ते जेवायला बसले की विचारायचे, "पीठ कसं होतं आज?" मी म्हणायची, "चांगलं होतं." काकू म्हणायच्या, "पिठाचं काय विचारता रोज? गहू तोच, चक्की तीच." असं करत पावसाळाभर मिळून तीन हजार सहाशे आले. गणपती गेले. शिवणाऱ्या बाई मला रस्त्यात भेटल्या की विचारू लागल्या, "काय वं, घेतं ना?" मी मान हलवायची. राहिलेले दहा हजार चारशे मागायचे म्हणून मी रोज घरून वाक्य तयार करून निघायची. चौकापर्यंत ते पाठ असायचं. फाटक उघडलं की विसरायची.

परीक्षेचा दिवस ठरला तो पितृपक्षातला रविवार. साळेबुवा कुरकुरले, "पितृपक्षात?" काकाजी म्हणाले, "पितर पाहतीन ना वरतून, गवाह होतीन."

घराच्या मागे दहा मिनिटांवर एक नवं लेआउट पडलं होतं. प्लॉट होते, नंबराचे दगड होते, सरळ डांबरी रस्ता होता, आणि घर एकही नव्हतं. तिथे सकाळी सहाला जायचं. घड्याळ माझ्याकडे. का, तर माझी पोळी कधी करपत नाही. काकाजी म्हणाले, "हिच्या हाताले टाइम बरोबर समजते. आणि बोलत नाई, म्हणून खोटंही बोलत नाई." मी दोन्ही गाड्यांत मागच्या सीटवर बसायचं, साठचा आकडा आला की ते ओरडणार आणि मी बटण दाबायचं.

पण त्याआधी वजन. काट्यावरचा माणूस, दोन्ही गाड्यांत भार सारखाच पाहिजे. काकूंचा पायाखालचा वजनकाटा गुपचूप आणला होता. साळेबुवा चौऱ्याण्णव किलो. काकाजी अठ्ठावन्न. मलाही चप्पल काढून उभं केलं आणि आकडा मोठ्यानं वाचला, तो मी इथे लिहिणार नाही. छत्तीस किलोचा फरक निघाला. तो भरून काढायला त्यांनी लाल गाडीत मागे काकूंचा गव्हाचा तीस किलोचा कट्टा, म्हणजे पोतं, टाकलं आणि वरून सहा किलोचा लोखंडी खलबत्ता. मी कट्ट्याला टेकून बसले. खलबत्ता पायाशी.

पिकअपची गोष्ट लवकर संपली. लाल गाडीनं साठला पोहोचायला एकोणीस सेकंद घेतले, त्यात एकदा गिअर अडकला. पांढऱ्या गाडीत मी मागे नीट बसलेही नव्हते तर साळेबुवा "साठ!" म्हणून स्वतःच दचकले. आठ सेकंद. मी काकाजींच्या वहीत लिहिलं. काकाजींनी वाकून आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी खोडलं नाही.

मग टॉप स्पीड. पहिले साळेबुवा. रस्ता रिकामा, पुढे काही नाही, एक कुत्रंसुद्धा नाही. काटा पन्नास, साठ, सत्तर झाला आणि अठ्ठ्याहत्तरला साळेबुवांनी ब्रेक मारला.

"काय झालं?" मी विचारलं. एवढं तर मीसुद्धा बोलले.

"काही नाई वं," ते घाम पुसत म्हणाले. "मले वाटलं पुरे."

मग काकाजी. त्या माणसाला मी तीसच्या वर कधी पाहिलं नव्हतं. साठ झाले. सत्तरला दार खडखडू लागलं. ऐंशीला खलबत्ता माझ्या पायावरून दुसऱ्या बाजूला गेला. नव्वदला काकाजी काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं देवाचं नाव, पण ते आकडे होते. "ब्याण्णव, त्र्याण्णव, चौऱ्याण्णव..." सत्त्याण्णवला रस्ता संपत आला आणि त्यांनी पाय काढला. गाडी वळवून परत साळेबुवांजवळ आणून उभी केली. खाली उतरले तेव्हा तोंडावर असं हसू, की एकतीस वर्षांत खिडकीमागे कधी आलं नसेल.

"लिही बाई! सत्त्याण्णव!"

"भाऊजी, माझी एकशे वीस जाते," साळेबुवा म्हणाले. "मी दाबलीच नाई."

"काट्यावर नाई आलं ते वजन नाई."

"तुम्हीच तर म्हणता, स्पीड असावा, वापरू नाई!"

"ते शहरात!"

दोघं असे भांडत असताना लेआउटच्या टोकाकडून काकू चालत येताना दिसल्या. सकाळी उठून त्यांनी चक्कीवर द्यायला गहू पाहिले तर कट्टा नाही. चटणी कुटायला खलबत्ता पाहिला तर तोही नाही. वजनकाटा नाही, नवरा नाही. चोर आले असते तर नवरा कशाला नेला असता, असा विचार करून त्या लाल गाडीच्या आवाजामागे इकडे आल्या होत्या. जवळ येऊन त्यांनी गाडीत डोकावून पाहिलं.

"माझे गहू फिरायले आणले का?"

काकाजींनी वजनाचं सगळं समजावून सांगितलं. चौऱ्याण्णव, अठ्ठावन्न, फरक छत्तीस. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि गाड्यांचं वजन?"

"कोणतं?"

"याची गाडी केवढी, तुमची केवढी. ते मोजलं का?"

काकाजींनी एकदा लाल गाडीकडे पाहिलं, एकदा पांढरीकडे. गाडीचं वजन वजा करायचं असतं, हे त्यांनी एकतीस वर्षं केलं होतं. गाडीला स्वतःचं वजन असतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. साळेबुवा हसत सुटले. मलाही हसू आलं, मी पदर तोंडाला लावला.

काकाजींना ते लागलं. ते तावातावानं म्हणाले, "वजनाचं सोडा! गाडीत जीव आहे म्हणून पळाली. क्लच नवा, टायर नवे. खर्च केला आहे मी तिच्यावर!"

"पैसे कोठून आणले भाऊजी?" साळेबुवा म्हणाले. "ताईनं तर दिले नाई."

"माझे होते," काकाजी म्हणाले. "माझेच."

मी मागच्या सीटवर होते, दार उघडं होतं. पैसे परत मिळायला उशीर होईल, मशीन जाईल, हे मी मनात सोसलं होतं. पण "माझेच" हा शब्द ऐकला आणि माझ्या हातून घड्याळाचं बटण दाबलं गेलं.

"माझे आहेत," मी म्हटलं. "चौदा हजार. माझ्या भिशीचे. दहा हजार चारशे राहिले आहेत. मले दिवाळीच्या आत पाहिजेत."

 घड्याळ हातात चालूच होतं, आणि कुठे बघावं कळेना म्हणून मी तेच पाहत बसले. चौदा सेकंद झाले तेव्हा काकू म्हणाल्या, "बाईकडून घेतले? पोळ्या करणाऱ्या बाईकडून?"

काकाजी माझ्याकडे वळले. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "चूक झाली वं. तुझे आहेत. तुझेच." आणि थोडं थांबून साळेबुवांना म्हणाले, "पाह्यलं? हिले पिकअप आहे."

घरी आल्यावर काकूंनी डब्यातून कार्ड काढलं. आत्ताच काढून देते म्हणाल्या. मला हो म्हणावंसं वाटत होतं. पण काकाजी आडवे आले. "घेतले मी, देईन मी. तुह्या डब्यातून दिले तर ते माझ्या काट्यावर येत नाई." काकू म्हणाल्या, "आणि नाई दिले तर?" "तर कार्ड आहेच. दिवाळीच्या आदल्या दिवसापर्यंत मले मोकळं सोड."

दुसऱ्या दिवशी मी आठला गेले तर काकाजी पँट-शर्ट घालून, खिशाला दोन पेनं लावून तयार. उमरेड रोडवर एक धर्मकाटा होता, तिथे कापसाच्या आणि गिट्टीच्या गाड्या मोजायला माणूस पाहिजे होता. रोजचे चारशे. "बाई, डब्बा भर," म्हणाले. मी चार पोळ्या भरल्या आणि दोन जास्तीच्या ठेवल्या. माझ्या पैशांसाठी जाणाऱ्या माणसाचा डबा मीच भरत होते, तेव्हा मला फार अवघड वाटायचं. काकू वरून बडबडायच्या, "सत्तरीले आला माणूस, धूळ खाते," आणि संध्याकाळी सहा वाजले की फाटकात जाऊन उभ्या राहायच्या. लाल गाडी वळणावर दिसायची, तीसच्या स्पीडनं, मागे चार गाड्यांची रांग घेऊन. दिसली की काकू घाईनं आत येऊन बसायच्या, जणू उभ्याच नव्हत्या.

मी त्याच आठवड्यात शिवणाऱ्या बाईंकडे गेले. दारात उभं राहून म्हटलं, "मशीन कोणाले देऊ नका. मी घेते." त्या म्हणाल्या, "आज बोलली वं तू!"

काकाजी सव्वीस दिवस गेले. एक दिवस ताप होता तरी गेले. धर्मकाट्याचा मालक म्हणाला, साहेब, सीझनभर राहा, तुमच्यासारखा माणूस मिळत नाही. काकाजींनी सांगितलं, माझं वजन पूर्ण झालं, आणि पेनं खिशाला लावून घरी आले.

दिवाळीला पाच दिवस होते. मी चकलीचं पीठ मळत होते. त्यांनी मला बाहेरच्या खोलीत बोलावलं, काकूंना समोर बसवलं आणि पाकीट माझ्या हातात दिलं.

"मोज," म्हणाले.

"राहू द्या ना."

"काहून राहू द्या? मोज. मोठ्यानं."

मी हात पदराला पुसले आणि एकेक नोट काढून मोठ्यानं मोजली, दोघांच्या समोर, न अडखळता. दहा हजार चारशे. पूर्ण होते.